हाल्टबार

एक्हार्ट वेंडलरच्या दफनाला आम्ही अकरा जण होतो.
मोजायची सवय अजून जात नाही.

नंतर रोसविटा म्हणाली, डीटमार, तळघरात चल,
वरच्या फळीपर्यंत माझा हात पोचत नाही.

खाली ओल, बटाट्यांचा वास,
आणि भिंतभर काचेच्या बरण्या, नारंगी रबराची कडी,
प्रत्येकीवर त्याचं काटकोनी अक्षर:
प्लम, सत्त्याण्णव. नासपती, दोन हजार तीन.
भोपळा, साल पुसलेलं.
आणि सगळ्यांवर खाली एकच शब्द, हाल्टबार.
दुकानातल्या दुधावर या शब्दापुढे तारीख असते:
अमुक दिवसापर्यंत टिकेल, पुढचं तुमचं तुम्ही बघा.
एक्हार्टनं तारीख कधी घातली नाही.

आमच्या भाषेत या शब्दाला दोन दारं आहेत.
एकातून माणसं साखर, व्हिनेगर घेऊन आत येतात:
नासत नाही ते हाल्टबार.
दुसऱ्यातून चिखलाचे बूट:
जो चेंडू धरता आला असता, तो हाल्टबार.
आला असता. म्हणजे सुटला.

एकाहत्तरचा नोव्हेंबर, जिल्हा चषक, एल्स्टरकाठचं मैदान.
गोलात तो. मारणारा मी, पलीकडच्या गावचा.
सोमवारच्या पेपरात सामन्याच्या चार ओळी आल्या,
त्यातली तिसरी:
निर्णायक गोल हाल्टबार होता.

एवढंच. कुणी त्याला शिवी दिली नाही.
फक्त बेकरीत पाव देताना,
कारखान्यात पाना फेकताना,
एकदा तर चर्चमध्ये, मुलीच्या बाप्तिस्म्याला,
कुणीतरी हळूच म्हणायचं, "हे तरी धर, एक्हार्ट."
आणि तो धरायचा. पाव, पाना, पोर.
हसायचासुद्धा.

मग सरकार गेलं. नोटा बदलल्या.
तेरा वर्षं नंबर लावून मिळालेली माझी मोटार
कोंबड्या बसवायला गेली.
कारखान्याला कुलूप, पेपर बंद,
मैदानावर जुन्या टायरांचं गोदाम.
तो शब्द मात्र तगला.
आमच्या अख्ख्या तालुक्यात इतकं टिकाऊ
दुसरं काही बनलं असेल असं वाटत नाही.

स्टुलावर उभा होतो. खाली बघायचं नव्हतं,
म्हणून बरण्यांनाच सांगितलं:
रोसविटा, त्या दिवशी गोलासमोर एक ढेकूळ होतं,
थंडीनं दगड झालेलं.
चेंडू त्याच्यावर आपटला आणि पायरी चढल्यासारखा उसळला.
मी पाहिलं. मी एकट्यानंच,
कारण बाकी सगळे माझ्याकडे बघत होते.
मला खांद्यावर घेतलं होतं. कसं सांगणार?
मग एकाच लेथवर बारा वर्षं त्याच्या शेजारी,
तेव्हाही नाही.
त्रेपन्न वर्षं तोंडात गुळणी धरली,
पाण्याची नव्हे, त्याच ढेकळाची.

तिनं फडक्यानं एका बरणीचा खांदा पुसला.
"ढेकूळ त्याला माहीत होतं," म्हणाली.
"सामन्याआधी पायानं फोडायचं राहिलं, म्हणायचा.
गोलासमोरची जमीन गोलकीपरची.
पेपरवाल्यानं बरोबरच लिहिलं, म्हणायचा."

मी काही बोललो नाही.
वर फळीत कुठेतरी पाइपातून पाणी गेलं.

"सत्त्याण्णवची काढ," ती म्हणाली,
"ते प्लम त्याच्या हातचे शेवटचे चांगले.
पुढे बोटं थरथरायची, कडी नीट बसेनात.
चिमटा काढ आणि नुसत्या झाकणानं उचल.
आतली हवा पक्की असेल तर बरणी लोंबत राहील.
नसेल तर सुटेल."

चिमटा काढला.
दोन बोटांत झाकणाची कड घेतली, उचललं.
काळ्या पाकात प्लम जरा हलले.
बरणी लोंबत राहिली,
सत्तावीस वर्षांची, कशानेही न बांधलेली.

"बघ," रोसविटा म्हणाली.

मी बघत होतो.
दुसरा हात तरी खाली धरला होता,
बोटं पसरून,
तो धरायचा तसा.